विश्लेषण : भोवरेसुद्धा मोजून-मापून? लार्स ऑन्सागर यांनी १९४९ मध्ये जाता जाता काय सांगितले?

किन्हवली : पावसाळ्यात काळू किंवा भातसा दुथडी भरून वाहू लागली, की पुलाच्या खांबांपाशी भोवरे दिसू लागतात. एक मोठा, त्याच्या कडेला दोन लहान. क्षणात एक विरतो, दुसरा जन्मतो. काठावरची मुले काटकी फेकतात आणि ती गरगर फिरून कुठे बाहेर पडते ते बघत बसतात. दोन भोवरे सारखे कधीच नसतात. कुणी जोरात फिरतो, कुणी संथ, कुणी दमत दमत थांबतो.

आता अशा एका द्रवाची कल्पना करा ज्यात सगळे भोवरे एकाच मापाचे असतात. अर्धा भोवरा नाही, दीड भोवरा नाही. एक किंवा दोन किंवा तीन, आणि प्रत्येकाची ताकद शेवटच्या दशांशापर्यंत तीच. हा भोवरा दमून थांबतही नाही. असा द्रव खरोखर आहे. फुगे भरायला जो हेलियम वायू वापरतात, तोच अतिशय थंड केला की असा वागतो. हे पहिल्यांदा सांगितले ते लार्स ऑन्सागर या नॉर्वेत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने, १९४९ साली, एका परिषदेत दुसऱ्याच्या भाषणानंतर उठून केलेल्या टिप्पणीत. त्यावर त्यांनी वेगळा निबंध लिहिला नाही. कमी बोलायचे, बोलले तर इतरांना कळायचे नाही, आणि पुढे वर्षानुवर्षांनी तेच खरे निघायचे, असा या माणसाचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्याची किंमतही त्यांनी मोजली.

ऑन्सागर कोण होते?

२७ नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला तेव्हा नॉर्वेच्या राजधानीचे नाव ऑस्लो नव्हते, क्रिस्तियानिया होते. वडील एर्लिंग हे वकील. मुलगा मात्र १९२० मध्ये ट्रॉनहाइमच्या तंत्रशास्त्र संस्थेत रासायनिक अभियांत्रिकी शिकायला गेला. तिथे त्याने अभ्यासक्रमाबाहेरचे एक जाडजूड इंग्रजी गणिताचे पुस्तक हाती घेतले आणि त्यातली अवघड उदाहरणे एकामागून एक सोडवत बसला. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला त्या गणिताचा तेव्हा काही उपयोग नव्हता. पुढच्या आयुष्यातली त्यांची सगळी हत्यारे मात्र त्याच पुस्तकातून आली.

१९२५ मध्ये पदवी घेऊन ते झुरिचला गेले. पीटर डेबाय हे तेव्हाचे मोठे नाव. पाण्यात मीठ विरघळले की त्यातले विद्युतभारित कण, म्हणजे आयन, वीज कशी वाहून नेतात याचा सिद्धांत त्यांनी दोन वर्षांपूर्वी एरिच ह्युकेल यांच्यासह मांडला होता. हा उंच पोरगा त्यांच्या खोलीत गेला आणि तुमचा सिद्धांत चुकला आहे, एवढेच सांगून मोकळा झाला. डेबाय यांनी एक आयन सरळ रेषेत चालतो असे धरले होते. बाकीच्यांप्रमाणे तोही धक्के खात डुगडुगतो हे त्यांच्याकडून सुटले होते. डेबाय यांचा मोठेपणा असा, की त्यांनी बसवून ऐकून घेतले आणि पुढच्या वर्षी त्याला सहायक म्हणून नेमले. सगळेच वरिष्ठ असे नसतात, हे ऑन्सागर यांना लवकरच कळले.

नोकऱ्या का गेल्या?

१९२८ मध्ये ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. काम होते पहिल्या वर्षाच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवण्याचे. ऑन्सागर फळ्याकडे तोंड करून, पुटपुटत, मधल्या चार पायऱ्या गाळून शिकवीत. विद्यार्थ्यांना काही कळेना. एका सत्रातच त्यांना निरोप मिळाला. आज या गोष्टीला हसू येते. पण परक्या देशात, हाती नोकरी नसलेल्या २४ वर्षांच्या तरुणाला तेव्हा हसू आले नसणार.

तिथून ते प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठात गेले. संख्याशास्त्रीय यामिकी हा त्यांचा विषय. विद्यार्थ्यांनी त्या विषयाच्या नावात थोडा फेरफार करून त्याला छळवादाचे शास्त्र करून टाकले होते. विभागप्रमुखांची तक्रार वेगळी होती. या माणसाने काहीतरी प्रयोग करावा, हाताने काम करावे, अशी त्यांची अपेक्षा. ऑन्सागर यांनी एक प्रयोग सुचवलाही. उष्णतेतील फरकाच्या आधारे एकाच मूलद्रव्याचे हलके आणि जड अणू वेगळे करायचे, आणि त्यासाठी तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत जाणारी प्लॅटिनमची नळी हवी. प्लॅटिनम! प्रस्ताव तिथेच संपला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ओक रिज येथे युरेनियम वेगळे करताना जे मार्ग वापरले त्यांत हाही होता, अर्थात स्वस्त धातूंच्या नळ्यांनी.

ब्राउनमधल्या त्याच काळात, १९३१ साली, त्यांनी दोन निबंध प्रसिद्ध केले. तांब्याच्या तारेच्या एका टोकाला उष्णता दिली तर त्यात थोडी वीजही सरकते. वीज सोडली तर थोडी उष्णताही सरकते. एका गोष्टीचा दुसरीवर जितका परिणाम होतो, तितकाच दुसरीचा पहिलीवर होतो, आणि याचे कारण अणूंच्या पातळीवर काळ पुढे-मागे सारखाच असण्यात आहे, असे त्यांनी दाखवले. जवळपास कुणाचे लक्ष गेले नाही. १९३३ मध्ये मंदीचे दिवस होते, ब्राउनने त्यांना कमी केले. याच दोन निबंधांसाठी १९६८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही एकट्याला. मधे ३७ वर्षे गेली.

नोकरी गेली त्या उन्हाळ्यात ते युरोपात गेले आणि ऑस्ट्रियात मार्गारेट आर्लेड्टर, म्हणजे ग्रेटल, यांना भेटले. भेटीनंतर आठवड्याभरात साखरपुडा आणि ७ सप्टेंबर १९३३ रोजी लग्न. इतर बाबतीत दहा दहा वर्षे निबंध न छापणारा हा माणूस इथे मात्र चटकन निर्णय घेऊन मोकळा झाला. त्यांना तीन मुलगे आणि एक मुलगी झाली.

पदवीची अडचण काय होती?

येल विद्यापीठाने त्यांना संशोधन शिष्यवृत्ती दिली आणि मग लक्षात आले, की ती पीएच.डी. झालेल्यांसाठी आहे, यांच्याकडे पीएच.डी.च नाही. ट्रॉनहाइमला त्यांनी १९३१ च्या त्या निबंधांचेच काम पाठवले होते. तिथे ते डॉक्टरेटसाठी पुरेसे मानले गेले नाही. येलमध्ये मग त्यांनी माथ्यू समीकरणावरचे शुद्ध गणित लिहून दिले. रसायनशास्त्र विभागाला ते वाचता येईना, भौतिकीलाही नीटसे उमजेना. शेवटी गणिताचे आयनार हिले यांनी ते वाचले, आणि रसायनवाल्यांना नको असेल तर आम्हीच पदवी देतो, असा निरोप धाडला. तेव्हा कुठे १९३५ मध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळाली. ट्रॉनहाइमने १९६० मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

येलमध्ये ते पुढे जवळपास चार दशके राहिले. शिकवणे सुधारले नाही. तिथल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या वर्गांना पहिली नॉर्वेजियन आणि दुसरी नॉर्वेजियन अशी नावे पाडली होती. १९४४ मध्ये त्यांनी चुंबकाच्या द्विमितीय प्रतिकृतीचे, म्हणजे आयझिंग प्रारूपाचे, अचूक उत्तर छापले. लोहचुंबक तापवला की एका ठरावीक तापमानाला त्याचे चुंबकत्व जाते. हा बदल गणितातून तंतोतंत काढून दाखवणारे ते पहिले काम. १९४८ मध्ये कॉर्नेल येथे एका भाषणानंतर ते फळ्यापाशी गेले, त्या चुंबकत्वाचे सूत्र लिहिले आणि परत येऊन बसले. ते कसे काढले, हे सांगितले नाही. सी. एन. यांग यांनी अनेक महिने खपून १९५२ मध्ये ते सिद्ध केले, तोवर जगाकडे होते ते फळ्यावरचे सूत्रच.

अतिप्रवाही हेलियम म्हणजे नेमके काय?

इथे थोडे मागे जाऊ. हेलियमशी कोकणचे नाते आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे त्यासाठीच दाखवतात. तारखा मात्र नीट पाहाव्यात. सूर्यप्रकाशातली ती पिवळी रेषा गाजली १८६८ मध्ये. त्या वर्षीचे १८ ऑगस्टचे ग्रहण जानसेन यांनी गुंटूरहून पाहिले आणि लॉकियर यांनी ती रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून नोंदवली. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

हा वायू उणे २६९ अंश सेल्सिअसला, म्हणजे ४.२ केल्विनला, द्रव होतो. आणखी थंड करून २.१७ केल्विनच्या खाली नेला, की काहीतरी विलक्षण घडते. उकळणे एकदम थांबते. द्रव अतिशय बारीक फटीतून विनाअडथळा वाहू लागतो. भांड्याच्या भिंतीवरून पातळ थर बनून चढतो आणि बाहेर ठिबकतो. मध संथ वाहतो आणि पाणी भराभर, याचे कारण द्रवाचा आतला चिकटपणा. इथे तो चिकटपणाच नाहीसा होतो. मॉस्कोत कपित्सा आणि केंब्रिजमध्ये ॲलन व मिझनर यांनी हे १९३८ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी फ्रिट्झ लंडन यांनी सुचवले, की ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये दिलेल्या आणि आइन्स्टाइन यांनी पुढे नेलेल्या गणिताचे हे फळ असावे : असंख्य अणू स्वतंत्र न राहता एकाच लाटेचे भाग होऊन वागतात.

मग प्रश्न आला फिरण्याचा. ताकाच्या भांड्यात रवी घुसळली की ताक फिरते, कारण थराला थर चिकटून ओढतो. चिकटपणाच नसेल तर? अतिप्रवाही द्रव भांडे फिरवले तरी जागचा हलायला नको, असा सिद्धांत होता. रशियातले लेव्ह लँडाऊ यांची मांडणीही हेच सांगत होती. पण फिरत्या भांड्यातल्या अतिप्रवाही हेलियमचा पृष्ठभाग साध्या पाण्यासारखाच मध्ये खोलगट होतो, असे ऑस्बोर्न यांना १९५० मध्ये दिसले. सिद्धांत आणि भांडे यांपैकी एकजण चुकत होता.

फ्लॉरेन्समध्ये काय घडले?

उत्तर आधीच दिले गेले होते. मे १९४९ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला संख्याशास्त्रीय यामिकीवर परिषद भरली. डच शास्त्रज्ञ खोर्टर यांच्या भाषणानंतरच्या चर्चेत ऑन्सागर उठले आणि अतिप्रवाही द्रवातले भोवरे ठरावीक एककातच असू शकतात, असे सांगून गेले.

कारण असे. सगळे अणू जर एका लाटेचे भाग असतील, तर भोवऱ्याभोवती एक पूर्ण चक्कर मारून आल्यावर लाट स्वतःशीच जुळली पाहिजे. आपल्याकडे बांबूची टोपली विणतात तेव्हा नक्षी गोल फिरून जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिळावी लागते. पावणेसहा फुले चालत नाहीत, पाच किंवा सहा. लाटेचेही तसेच. चकरीत एक लाट बसेल किंवा दोन, साडेएक बसणार नाही. यावरून भोवऱ्याचे माप ठरते : भोवऱ्याच्या मध्यापासून कुठल्याही अंतरावरचा वेग घ्या, त्या वर्तुळाच्या परिघाने गुणा, उत्तर नेहमी प्लांकचा स्थिरांक भागिले हेलियमच्या एका अणूचे वस्तुमान एवढेच येते, किंवा त्याच्या पूर्ण पटीत. हा आकडा आहे सेकंदाला सुमारे एक सहस्रांश चौरस सेंटीमीटर.

आकड्याचा अर्थ लावून पाहू. मध्यापासून एक मिलिमीटरवर द्रव मिनिटाला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. गोगलगायही त्याला मागे टाकेल. पण मध्यापासून एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागावर तोच द्रव ताशी ५५-६० किलोमीटरने पळत असतो, म्हणजे मोकळ्या रस्त्यावरच्या एसटीइतका. भोवऱ्याचा पोकळ गाभा तर त्याहून बारीक, जवळपास एका अणूएवढा. नदीतल्या भोवऱ्याशी याची तुलना इथेच संपते. हा भोवरा म्हणजे भांड्याच्या तळापासून पृष्ठभागापर्यंत ताणलेला एक अदृश्य दोराच.

फिरत्या भांड्याचे कोडेही यातून सुटते. द्रव सगळा मिळून फिरत नाही. त्यात असे दोरे उभे राहतात. भांडे साधारण सव्वासहा सेकंदांत एक फेरा घेत असेल, तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरमध्ये सुमारे दोन हजार. इतक्या दोऱ्यांचे फिरणे एकत्र पाहिले, की पृष्ठभाग पाण्यासारखाच खोलगट दिसतो. सिद्धांतही खरा, भांडेही खरे.

या शोधावर ऑन्सागर यांनी आपले नाव ठोकून ठेवण्याची खटपट केली नाही. रिचर्ड फाइनमन यांनी स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत येऊन १९५५ मध्ये ती सविस्तर, चित्रांसह मांडली. त्यामुळे बराच काळ हे फाइनमन यांचेच काम समजले जाई. आज दोघांची नावे जोडून घेतात. फाइनमन यांनीच पुढे एक आठवण सांगितली आहे. १९५३ मध्ये जपानमधल्या परिषदेच्या वेळी जेवणाच्या टेबलावर ऑन्सागर शेजारी होते. तुला द्रव हेलियम समजला आहे म्हणे, एवढे विचारून ते हुंकारले आणि जेवण संपेपर्यंत गप्प. फाइनमन हबकले. दुसऱ्या दिवशी भाषणात त्यांनी आपल्या सिद्धांतातली एक उणीव स्वतःच कबूल केली, तेव्हा ऑन्सागर उभे राहिले. आता सोलणार, असे सर्वांना वाटले. त्यांनी सांगितले ते हे, की असली गोष्ट मूळ तत्त्वांतून आजवर कुणालाच काढता आलेली नाही, तेव्हा ती जमली नाही म्हणून या तरुणाचे काम कमी ठरत नाही.

पुरावा कधी मिळाला?

केंब्रिजमध्ये हॉल आणि विनेन यांनी १९५६ मध्ये फिरत्या हेलियममध्ये या दोऱ्यांच्या खुणा पाहिल्या. मग जो विनेन यांनी एक सुरेख प्रयोग केला : फिरत्या हेलियममध्ये एक बारीक तार ताणली, तिला कंप दिला आणि तिच्याभोवतीच्या प्रवाहामुळे कंपाची दिशा किती वळते ते मोजले. १९५८ मध्ये त्यांनी भोवऱ्याचे एक एकक सापडल्याचे कळवले. ऑन्सागर यांच्या आकड्याशी ते जुळत होते. दोऱ्यांची छायाचित्रे पॅकार्ड यांच्या गटाने १९७० च्या दशकात अमेरिकेत घेतली.

त्यानंतरची मोठी पायरी ऑन्सागर यांनी पाहिली नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत बोल्डर येथे रुबिडियमचे विरळ अणू निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या कोट्यवधीच्या भागाइतके थंड करून बोस-आइन्स्टाइन संघनन घडवण्यात आले. १९९९ मध्ये तिथेच अशा वायूत पहिला भोवरा तयार झाला, पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये लेसरने वायू ढवळून अनेक, आणि २००१ मध्ये एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांच्या गटाने सोडियमच्या अणूंत शंभरावर भोवरे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या नेटक्या मांडणीत दाखवले. हेलियममध्ये जे अणूएवढे बारीक असते ते इथे छायाचित्रात सरळ छिद्रांसारखे दिसते. अतिशीत अणूंवरचे प्रयोग आज मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आणि पुण्याच्या आयसरमध्येही चालतात.

खळबळीचे गणित कोणते?

१९४९ च्याच निबंधात ऑन्सागर यांनी आणखी दोन गोष्टी लिहिल्या. दोन्ही टर्ब्युलन्सबद्दल, म्हणजे प्रवाहाच्या अस्ताव्यस्त खळबळीबद्दल. शहापूर तालुक्यातल्या धरणांतून मुंबईला जाणाऱ्या जलवाहिन्यांपासून विमानाच्या पंखांपर्यंत प्रवाहाची बरीच ऊर्जा हीच खळबळ खाते.

पहिली गोष्ट : ही ऊर्जा चिकटपणामुळे उष्णता होऊन जाते असे आपण मानतो. ऑन्सागर यांचे म्हणणे, की चिकटपणा शून्यावर आणला तरी गळती थांबेलच असे नाही. प्रवाह पुरेसा खडबडीत झाला, तर ऊर्जा मोठ्या भोवऱ्यातून लहानात, लहानातून आणखी लहानात उतरत जाऊन नाहीशी होऊ शकते. किती खडबडीत, याची हद्दही त्यांनी दिली : एक तृतीयांश घात. सिद्धता दिली नाही, नेहमीप्रमाणे. एका बाजूची सिद्धता १९९४ मध्ये आली, दुसऱ्या अवघड बाजूची फिलिप इसेट यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे ६९ वर्षे. कर्नाटकात जन्मलेले के. आर. श्रीनिवासन आणि ग्रेगरी आयिंक यांनी ऑन्सागर यांची खासगी टिपणे आणि पत्रे चाळून २००६ मध्ये एक दीर्घ लेख लिहिला. त्यात दिसते, की छापले त्यापेक्षा कितीतरी अधिक या माणसाने कागदावर करून ठेवले होते. आयिंक ज्या विद्यापीठात शिकवतात ते जॉन्स हॉपकिन्स.

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक. मर्यादित जागेत पुष्कळ भोवरे कोंडले आणि त्यांना ऊर्जा देत गेले, तर एका टप्प्यानंतर गोंधळ वाढण्याऐवजी कमी होतो. उजवीकडे फिरणारे एकत्र जमतात, डावीकडचे एकत्र, आणि दोन मोठे भोवरे उरतात. गणिताच्या भाषेत याला ऋण तापमान म्हणतात. त्याचा थंडीशी संबंध नाही, उलट ती कुठल्याही नेहमीच्या तापमानाहून तापलेली अवस्था. नदीत किंवा वातावरणात लहान भोवरे मिळून मोठे का बनतात, याचा एक धागा इथे सापडतो. पण साध्या द्रवात हे तपासणे अवघड, कारण त्यात भोवरे सारखे नसतात आणि विरूनही जातात. एकाच मापाचे, न दमणारे भोवरे हवेत. ते अतिशीत वायूतच मिळतात. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड आणि मोनॅश विद्यापीठांच्या दोन गटांनी रुबिडियमच्या सपाट ढगात नेमके हे जमाव पाहिले. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका निबंधातल्या दोन कल्पना, एक भोवऱ्यांच्या मापाची आणि दुसरी त्यांच्या जमावाची, अशा एकाच प्रयोगात येऊन मिळाल्या.

हेलियममध्ये खळबळ कशी असते? दोऱ्यांचा गुंता. दोन दोरे एकमेकांना छेदतात, तुटतात, दुसऱ्याच टोकांना जोडले जातात आणि झटका देऊन दूर जातात. या गुंत्याचे पद्धतशीर प्रयोग विनेन यांनी १९५७ मध्ये सुरू केले. गोठलेल्या हायड्रोजनचे कण द्रवात सोडून मेरीलँडमध्ये हा गुंता प्रत्यक्ष पाहिला गेला तो २००६ नंतर. त्या गटातही श्रीनिवासन होतेच.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९५६ मध्ये ऑलिव्हर पेनरोज यांच्यासह त्यांनी बोस यांच्या संघननाचा अर्थ दाट द्रवात काय होतो हे नीट मांडले. हेलियममधले अणू अगदी थंडीतही सुमारे आठ टक्केच त्या खास अवस्थेत असतात, असा त्यांचा अंदाज होता. नोबेलनंतर चार वर्षांनी, १९७२ मध्ये, निवृत्तीच्या वयाचा नियम आड आला आणि येल सोडावे लागले. ते फ्लोरिडात मायामी विद्यापीठात गेले आणि काम करत राहिले. ५ ऑक्टोबर १९७६ रोजी कोरल गेबल्स येथील घरी त्यांचे निधन झाले.

दफन मात्र येलच्या गावी, न्यू हेवनला झाले. शेजारीच येलचेच रसायनशास्त्रज्ञ जॉन कर्कवुड यांची कबर आहे. तिच्या दगडावर त्यांच्या पदव्या आणि सन्मानांची लांबलचक यादी कोरली आहे. ऑन्सागर यांच्या दगडावर नावाखाली नोबेलचा उल्लेख, त्याला एक ताराचिन्ह, आणि दगडाच्या तळाशी तळटीप म्हणून फक्त इत्यादी या अर्थाचा शब्द. तो त्यांच्या मुलांनी पुढे आई गेल्यावर कोरून घेतला.

खोडदच्या दुर्बिणीशी काय संबंध?

किन्हवलीहून मुरबाडच्या बाजूला निघून माळशेज घाट चढला, की जुन्नर तालुका लागतो. पुढे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. तिच्या अनेक कामांपैकी एक म्हणजे पल्सार, म्हणजेच गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या स्पंदांवर लक्ष ठेवणे.

हे तारे हळूहळू मंदावतात. पण काही अचानक किंचित वेग घेतात. सेकंदाला ११ फेरे घेणाऱ्या वेला पल्सारमध्ये असा धक्का १९६९ मध्ये पहिल्यांदा दिसला. तो नोंदवणाऱ्यांत व्ही. राधाकृष्णन होते, सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव. वेगातली वाढ दहा लाखांत दोन भाग एवढीच. १९७५ मध्ये फिलिप अँडरसन आणि इतोह यांनी त्याचे कारण सुचवले : ताऱ्याच्या पोटातला न्यूट्रॉनांचा द्रव अतिप्रवाही आहे, त्यात ऑन्सागर यांच्याच मापाचे भोवरे आहेत, वेलाच्या बाबतीत प्रत्येक चौरस सेंटीमीटरला सत्तर हजारांच्या आसपास. तारा मंदावतो तसे काही भोवऱ्यांनी बाहेर सरकून निघून जायला हवे, पण ते कवचात अडकून बसतात. ताण वाढतो आणि एके दिवशी असंख्य भोवरे एकदम सुटतात. त्यांचा साठलेला फेरा कवचाला मिळतो आणि तारा दचकल्यासारखा पुढे जातो. भोवरे नेमके कुठे अडकतात, आणि कवचातला द्रव यासाठी पुरेसा आहे की गाभ्यातलाही लागतो, यावर अजून वाद आहे. त्यासाठी धक्क्यांच्या नोंदी जितक्या मिळतील तितक्या हव्या असतात. खोडद आणि तमिळनाडूतल्या उटीच्या दुर्बिणी त्या घेत असतात. वेलाला असा धक्का साधारण दोन-तीन वर्षांनी बसतो.